वाचणारी मुलगी लिहिती कशी होते

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी सहावीत, मराठी माध्यमात. घर सोलापूरच्या पूर्व भागात, घरची भाषा तेलुगू. आजी घरी विड्या वळते. मुलीच्या हातात पुस्तक पडलं की तिला जेवणाचं भान राहत नाही, मोठेपणी लेखिका व्हायचं म्हणते. पण लिहायला बसली की चार ओळींत विषय संपतो. बाई म्हणतात हिच्या मराठीत तेलुगू मिसळतं, आधी ते सुधारा. आणि एक जण तिच्या कवितांचं पुस्तक पैसे घेऊन छापून देतो म्हणतोय. काय करावं?

ताई, शेवटच्या गोष्टीचं उत्तर सोपं आहे, छापू नका. त्याऐवजी काय करायचं ते शेवटी सांगतो. आधी त्या चार ओळींचं बघू.

भरपूर वाचलं की लिहिता येतं, असं आपण सहज म्हणून जातो. ते अर्धंच खरं आहे. चवीनं जेवणाऱ्याला स्वयंपाक येतोच असं कुठे असतं? मूल वाचतं तेव्हा त्याचं लक्ष पुढे काय होतंय यावर असतं. वाक्य कसं सुरू झालं, लेखकानं काय आधी सांगितलं आणि काय मागे ठेवलं, हे त्याला दिसत नाही आणि दिसायचं कारणही नाही. म्हणून शंभर पुस्तकं वाचूनही वहीवर ‘एक मुलगा होता, तो खूप गरीब होता’ एवढंच उतरतं. वाचणं आणि लिहिणं यांच्या मधे एक तिसरं काम आहे, ते म्हणजे सांगणं. ते जिथे होत नाही तिथे वाचन वाचनच राहतं. आणि या कामासाठी तुमच्या घरची तेलुगू फार कामाची आहे.

कसं करायचं ते सांगतो. पहिल्या दिवशी मुलीनं चार-पाच पानांची एक गोष्ट वाचायची. पुस्तक मिटायचं, दुसऱ्या खोलीत ठेवायचं. मग ती गोष्ट आजीला तेलुगूत सांगायची. ऐकणाऱ्यानं दोनच प्रश्न विचारायचे, ‘मग?’ आणि ‘म्हणजे कसं?’ चूक काढायची नाही, शब्द पुरवायचा नाही. आजीचे हात कामात असले तरी चालतं, उलट बरंच. टक लावून ऐकणाऱ्या माणसापुढे मुलं बुजतात. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट मराठीत लिहायची, पुस्तक न बघता, घड्याळ लावून 15 मिनिटं. वेळ संपली की थांबायचं, गोष्ट अर्धी राहिली तरी. त्यानंतरच पुस्तक उघडायचं आणि पेन्सिल घेऊन तीन खुणा करायच्या: माझ्याकडून काय गळलं, मी काय वाढवलं, आणि पुस्तकातलं कुठलं वाक्य माझ्यापेक्षा सरस आहे. आठवड्यातून दोनदा, म्हणजे शनिवार-रविवारी एकदा आणि बुधवार-गुरुवारी एकदा. रोज केलंत तर पंधरा दिवसांत तिला कंटाळा येईल आणि गोष्टींचाही वीट येईल.

भाषा मधेच का बदलायची? मराठीत वाचून लगेच मराठीतच सांगितलं तर पुस्तकातली वाक्यं जशीच्या तशी तोंडावर येतात. ते पाठांतर झालं. तेलुगूत सांगताना ती वाक्यं उपयोगाची नसतात, मुलीला फक्त घडलेलं उचलावं लागतं. मधे एक रात्र जाते. पुन्हा मराठीत उतरताना वाक्य स्वतःचं बनवण्यावाचून गत्यंतर नसतं. ज्या घरात एकच भाषा आहे त्यांना हे इतक्या सहज साधत नाही.

यात बिघडतं कुठे, तेही माहीत हवं. गोष्ट लांब असली की मूल सारांश सांगतं: राजा लढला, जिंकला, परत आला. मग गोष्ट बदलू नका, तुकडा लहान करा. एकच पान, एकच प्रसंग. दुसरं, तेलुगूत शब्द सापडत नाही. ‘संकोच’ किंवा ‘हिरमुसणं’ यांना ती अडते आणि मराठी शब्दच वापरते. वापरू द्या, पण तो शब्द वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवायला सांगा. अडला तो शब्द, म्हणजे नवा शिकला तो शब्द. तिसरं बिघडवणं आपण मोठी माणसंच करतो. पाहुणे आले की ‘ती गोष्ट सांग बघू’ म्हणून मुलीला उभं करतो. असं एकदा-दोनदा झालं की सांगणं बंद पडतं.

खुणा तपासताना एक गोष्ट हमखास दिसेल. घटनांचा क्रम मुलांच्या लक्षात बरोबर राहतो, वस्तू गळतात. पुस्तकात ‘पत्र्याच्या डब्यात शेंगांची चटणी आणि दोन कडक भाकऱ्या’ असतील तर मुलीच्या वहीत ‘जेवण’ असेल. इथेच थांबायचं आणि विचारायचं, ‘जेवण’ म्हटल्यावर तुला काय दिसलं, आणि ‘कडक भाकरी’ म्हटल्यावर? यावर व्याख्यान देऊ नका. तिनं त्या शब्दाखाली रेघ मारली की पुरे.

सोबतीला आठवड्यातून एकदा नक्कल. आवडलेल्या पुस्तकातल्या पाच-सात ओळी, जास्त नको, हातानं उतरवायच्या, स्वल्पविराम आणि अवतरणचिन्हांसकट. डोळा क्रियापदं आणि विरामचिन्हं उडवून पुढे जातो, हाताला तसं करता येत नाही. 200 पानी वही घ्या. डाव्या पानावर उतारा, वर तारीख, पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक. उजवं पान रिकामं ठेवायचं. तिथे महिन्याभरानं तिनं त्याच घाटाचं स्वतःचं काही लिहायचं. उताऱ्यात पावसाचं वर्णन असेल तर तिनं सोलापूरच्या उन्हाचं लिहावं, वाक्यांची लांबी-रुंदी मात्र तशीच ठेवून. याला कुणी चोरी म्हणत नाही, वही घरातच राहणार आहे. पान क्रमांकाचा आग्रह धरा. मोठेपणी लेख लिहिताना ‘कुठेतरी वाचलं होतं’ म्हणण्याची पाळी ज्यांच्यावर येते, त्यांना ही सवय लहानपणी लागलेली नसते.

आता तिच्या स्वतःच्या लिखाणाकडे येऊ. ‘माझी आजी’ या विषयावर सहावीतलं मूल साधारण असं लिहितं:

‘माझी आजी खूप कष्टाळू आहे. ती दिवसभर विड्या करते. ती खूप दमते, पण कधीच तक्रार करत नाही. मला माझी आजी खूप आवडते.’

यातलं एकही वाक्य खोटं नाही, तरी ही आजी कुणाचीही असू शकते. ‘कष्टाळू’ हा शब्द निबंधाच्या पुस्तकातला, आणि ‘खूप’ तीनदा. यावर लाल पेन चालवण्यात अर्थ नाही, कारण चूक अशी यात काहीच नाही. प्रश्न विचारा आणि मुलीला उत्तरं शोधायला आजीजवळ जाऊन बसू द्या. आजी घरात नेमकी कुठे बसते, आणि तिथेच का? मांडीवर काय असतं? पान कशावर मापून कापते? तंबाखू किती घ्यायचा हे तिला कसं कळतं? आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: आजी दमली हे तुला कशावरून कळलं? दुसरा खर्डा काहीसा असा येतो:

‘आजी दारातच बसते, उजेडाला. मांडीवर सूप. सुपात एका बाजूला ओली पानं, दुसऱ्या बाजूला तंबाखू. पत्र्याचं माप पानावर ठेवून ती कात्री फिरवते. तंबाखू चिमटीनं घेते, मोजत नाही, तरी सगळ्या विड्या सारख्या होतात. वळली की तोंड दुमडते आणि दोरा गुंडाळते. बोलताना हात थांबत नाहीत. संध्याकाळी मी पाणी दिलं की पेला ती दोन्ही हातांनी धरते.’

‘दमते’ हा शब्द गेला आणि दमणं आलं. हे असं झालंय हे मुलीला समजावून सांगू नका. ‘पेल्याचं वाक्य वाचताना मला आजी दिसली’ एवढंच म्हणा. ‘वा, छान’ म्हटलं तर तिला काय छान झालं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी ती ‘छान’ मिळवण्यासाठी लिहिते. पहिला खर्डाही फाडू नका. दोन्ही समोरासमोर चिकटवून ठेवा.

विषय निवडतानाही हाच हिशेब, विषय जितका लहान तितकं लिखाण लांब. ‘मी पाहिलेली जत्रा’ म्हटलं की पाळणे, भजी, गर्दी, मज्जा, आणि संपलं. संक्रांतीला गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, जाल तेव्हा तिला अख्खी यात्रा लिहायला सांगू नका. मिरवणुकीतल्या उंच काठ्या, म्हणजे नंदीध्वज, सात असतात, त्यातल्या एकाच नंदीध्वजाचा तोल सांभाळणाऱ्या माणसाचे पाय पाच मिनिटं बघ म्हणा आणि तेवढंच लिहू द्या. घराजवळ माग चालत असतील तर वीज गेल्यानंतरची पहिली दहा मिनिटं हा विषय द्या. आवाज कसा थांबतो, मग कुठले लहान आवाज ऐकू येऊ लागतात, माणसं कुठे जाऊन उभी राहतात. यावर दोन पानं सहज होतात.

आता बाईंची तक्रार. ‘तेलुगू मिसळतं’ या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. त्या सुट्या केल्याशिवाय काही सुधारणार नाही.

पहिली, खऱ्या चुका. ‘मी पुस्तक वाचलो’ हे सोलापुरात सर्रास ऐकू येतं. तेलुगूत आणि कन्नडमध्ये क्रियापद करणाऱ्याप्रमाणे चालतं. मराठीत मात्र भूतकाळात ते वाचलेल्या वस्तूप्रमाणे चालतं: पुस्तक वाचलं, गोष्ट वाचली, धडा वाचला. हे समजावण्यापेक्षा बोलून पक्कं होतं. रात्री झोपताना दिवसभरात केलेल्या दहा गोष्टी तिला याच घाटात सांगू द्या: मी भाकरी खाल्ली, मी पाणी भरलं, मी दिवा लावला. त्यातूनच लिंगही सुधारतं. तेलुगूत निर्जीव वस्तूंना पुरुष-बाई नसतं, त्यामुळे ‘कागद फाटली’ असं होतं. नवा शब्द लिहून ठेवताना सुटा लिहू नका, ‘तो कागद’, ‘ती वही’, ‘ते पान’ असा जोडीनं लिहा. मग ‘भाकरी’ची ‘बाकरी’ आणि ‘दूध’चं ‘दूद’. तेलुगू लिपीत महाप्राण, म्हणजे घ, ध, भ अशी, अक्षरं आहेत, पण रोजच्या बोलण्यात ती सैल पडतात, आणि जे कानाला वेगळं लागत नाही ते हातही वेगळं लिहीत नाही. जोड्या मोठ्यानं म्हणून घ्या: बाजी-भाजी, गार-घार, दार-धार, पळ-फळ, डोल-ढोल. तोंडासमोर तळहात धरला की ‘भ’ आणि ‘फ’च्या वेळी वारा लागतो, ते मुलांना गमतीचं वाटतं. पंधरवड्याला एकच प्रकारची चूक हाती घ्यायची. तिन्ही एकदम दुरुस्त करायला गेलात तर मूल लिहिण्याआधीच घाबरतं आणि छोटी, बिनचूक, निर्जीव वाक्यं लिहायला लागतं. चार ओळींत विषय संपण्याचं हेही एक कारण असतं.

दुसरी गोष्ट, सोलापुरी बोली. ‘काय करूलालीस?’, ‘लई’, ‘का बे’. या चुका नव्हेत. नियम एवढाच, तोंड कुणाचं आहे ते बघा. गोष्टीतला चहावाला ‘लई गर्दी हाय आज’ म्हणाला तर तसंच लिहायचं. गोष्ट सांगणारी व्यक्ती कुठल्या मराठीत बोलणार ते पहिल्या पानावर ठरवायचं आणि शेवटपर्यंत तेच ठेवायचं. एका परिच्छेदात ‘आहे’ आणि दुसऱ्यात ‘हाय’ असं झालं तर वाचणारा अडखळतो. परीक्षेच्या पेपरात मात्र प्रमाण मराठीच. त्यावरून बाईंशी वाद घालू नका, त्यांना गुण नियमाप्रमाणेच द्यावे लागतात. मुलीच्या दोन वह्या ठेवा, एक शाळेची आणि एक तिची.

तिसरी गोष्ट आहे ठेव. ‘येतो म्हणून सांगितला’ यातलं ‘म्हणून’ बघा. तेलुगूतलं ‘अनि’ आणि कन्नडमधलं ‘अंत’ अगदी हेच काम करतात. मराठीत आपण ‘वाघ-बीघ’ म्हणतो, तेलुगूत ‘पुली-गिली’ आणि कन्नडमध्ये ‘हुली-गिली’. एका घरात ही तिन्ही ऐकणाऱ्या मुलीला भाषा कशी वळते याचं जे भान असतं ते व्याकरणाच्या तासाला मिळत नाही. सोलापूरचे शाहीर राम जोशी यांच्या रचनांत मराठीच्या जोडीला संस्कृत आणि कानडीही येते, आणि त्याबद्दल त्यांना कुणी नापास केलेलं नाही. वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने करा, आजीचा शब्द आणि त्याच्या जवळचा मराठी शब्द. जिथे मराठी शब्द सापडतच नाही तिथे चौकोन करा. ती रिकामी घरं पुढे फार उपयोगी पडतात.

तेलुगू लिपीही शिकवा. बोलता येतं पण वाचता येत नाही, अशी मुलं पूर्व भागात भरपूर आहेत. वर्णमालेचा क्रम आपल्यासारखाच असल्यामुळे सुट्टीतले दीड-दोन महिने पुरतात. वेगळं ध्यानात ठेवायचं ते एवढंच की ए आणि ओ यांची ऱ्हस्व-दीर्घ अशी दोन-दोन रूपं आहेत. हिंदी किंवा इंग्रजीच्या मध्यस्थीशिवाय थेट तेलुगूतून मराठीत आणू शकणारी माणसं फार कमी आहेत. लेखिका व्हायचं म्हणणाऱ्या मुलीसाठी ही पुढे पोटापाण्याची सोयही होऊ शकते.

पुस्तकं कुठून आणायची? विकत थोडी, वाचनालयातून जास्त. सोलापुरात हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी संस्था आहे, शिवाय पेठेपेठेत लहान वाचनालयं आहेत. सदस्यत्व मुलीला सोबत नेऊन घ्या, पुस्तक बदलायला तिलाच जाऊ द्या. एका वेळी दोन पुस्तकं मिळत असतील तर एक तिच्या पसंतीचं आणि एक गोष्टींचं नसलेलं: किडे, किल्ले, यंत्रं, चरित्र, काहीही. ज्या ग्रंथालयात दशांश वर्गीकरण आहे तिथे मराठी साहित्य 891.46 या आकड्याखाली सापडतं. मुलं तिथेच घुटमळतात, त्यांना 500च्या, म्हणजे विज्ञानाच्या कपाटाकडेही न्या. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. तेच पुस्तक चौथ्यांदा वाचत असली तर टोकू नका. लिहिणाऱ्याच्या दृष्टीनं दुसरं वाचन हेच खरं वाचन, कारण पुढे काय होणार ते माहीत असल्यामुळे आता कसं सांगितलंय ते दिसू लागतं.

गोष्टींपलीकडचं वाचन हवंच, असा माझा आग्रह आहे. भाषा कमावलेली पण सांगायला काही नाही, अशी तरुण लिहिणारी मंडळी खूप भेटतात. 1932 मध्ये सोलापुरात जन्मलेले मारुती चितमपल्ली वनखात्यात नोकरी करत राहिले. जंगलातल्या नोंदी, पक्ष्यांची नावं, रानातल्या माणसांचे शब्द यांतून त्यांचं लेखन उभं राहिलं, आणि 2006 मध्ये सोलापुरातच भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. मुलीला एखाद्या विषयाचं वेड लागलं, मग ते कबुतरांचं असो की मागाच्या सुट्या भागांचं, तर ‘अभ्यास सोडून हे काय’ म्हणू नका.

शुद्धलेखनाचे नियम आठवीपासून. साहित्य महामंडळाचे 1962चे 14 आणि 1972मध्ये वाढवलेले 4, असे एकूण 18 नियम आहेत. पण रोजच्या लिखाणात वारंवार लागतात ते थोडेच. शब्दाच्या शेवटची वेलांटी आणि उकार दीर्घ: कवी, गुरू, पाटी. ‘आणि’, ‘नि’ हे अपवाद. प्रत्यय लागला की आधीचं दीर्घ अक्षर ऱ्हस्व होतं: फूल-फुलाला, मूल-मुलाचा, बहीण-बहिणीला. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र बदलत नाहीत, दूत-दूताला. एवढं पक्कं झालं की निम्मा त्रास मिटतो. दुरुस्ती नेहमी तिसऱ्या खर्ड्यावर. पहिल्यावर केली तर मूल अवघड शब्द टाळायला शिकतं.

टंकलेखन त्यानंतर, आणि सुरुवातीपासून युनिकोडमध्येच. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की रफार आणि जोडाक्षरं उडतात. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक कीबोर्डवर कसा काढायचा ते पहिल्याच आठवड्यात शिकवा. दुसऱ्यातला ‘ऱ’ हे वेगळं, नुक्त्याचं अक्षर आहे. तोंडी सांगून मोबाईलनं टाइप करणं नोंदींपुरतं ठीक. त्यात विरामचिन्हं जातात आणि ‘बाकरी’ बोललेलं यंत्र कधी भलतंच लिहितं. यंत्राकडून आयता निबंध लिहून घेण्याबद्दल एवढंच सांगतो की आजीचा पेला त्यात येणार नाही.

चौदा-पंधराव्या वर्षापासून बाहेर पाठवायला हरकत नाही. सुरुवात वर्तमानपत्रातल्या वाचकांच्या पत्रानं करावी: 150 शब्द, एकच मुद्दा, आपल्याच गल्लीतला. काय कापलं गेलं ते छापलेलं पत्र आणि मूळ पत्र शेजारी ठेवून बघायचं, फुकटचं संपादन शिकायला मिळतं. पुरवणीतल्या लेखाला 600 ते 800 शब्द लागतात. दिवाळी अंकांची परंपरा 1909च्या ‘मनोरंजन’च्या अंकापासूनची, पण त्यांचं काम उन्हाळ्यात सुरू होतं. गणपतीत पाठवलेली कथा बहुतेक वेळा उशिरा पोचलेली असते. जून-जुलैपर्यंत पाठवा. पहिल्या पानावर नाव, पत्ता, फोन. प्रत्येक पानाला क्रमांक. एक कथा एका वेळी एकाच ठिकाणी. दोन-तीन महिने उत्तर नाही आलं तर एकदा विचारायचं आणि मग दुसरीकडे. कुठे काय कधी पाठवलं याची वही ठेवा. नकार बहुधा शब्दांत येतच नाही, उत्तर न येणं हाच नकार असतो, हे मुलीला आधीच सांगून ठेवलेलं बरं.

नुसत्या मराठी लेखनावर घर चालणारी माणसं थोडी. शिक्षक, बँकेतले, वनखात्यातले, पत्रकार, अनुवादक अशी नोकरी आणि लेखन जोडीनं करणारीच जास्त. हे तिला बारावीनंतर सांगा, आत्ता नको.

आता पुस्तक छापण्याचं. छपाईचा हिशेब 16 पानांच्या फॉर्म्यात होतो. 64 पानी कवितासंग्रह म्हणजे 4 फॉर्मे, त्यावर मुखपृष्ठ आणि बांधणी. पैसे तुमचेच असले तर छापणाऱ्याचा नफा पहिल्याच दिवशी वसूल झालेला असतो. प्रती विकल्या जाव्यात यात त्याचा काही स्वार्थ उरत नाही. गठ्ठे तुमच्या पलंगाखाली येतात. ‘आयएसबीएन’, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, ‘मिळवून देतो’ म्हणून वेगळे पैसे मागितले तर लक्षात ठेवा की भारतात हा क्रमांक सरकारी यंत्रणेकडून मोफत मिळतो. पैशापेक्षा मोठं नुकसान वेगळंच आहे. अकराव्या वर्षी सत्कार झाला की मूल त्याच पद्धतीच्या कविता करत राहतं, आणि सोळाव्या वर्षी तेच पुस्तक लपवत फिरतं.

खरं पुस्तक व्हायची वेळ पुढे येईल तेव्हा दोन गोष्टी विसरू नका. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे, हस्तलिखित तपासून ते दिलं जातं. आणि करार लेखी करायचा, त्यात हक्क किती वर्षांसाठी, किती प्रती आणि मानधन किती टक्के हे लिहून घ्यायचं. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार करारात मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाच वर्षांसाठीच दिलेले धरले जातात. बरेच लिहिणारे हे न कळताच कायमचे हक्क सोडल्यासारखे वागतात.

आत्ता घरी करायचं पुस्तक वेगळं. चार ए-फोर कागद एकावर एक ठेवून मधोमध दुमडले की 16 पानं होतात. क्रमांक आधी पेन्सिलनं घालायचे: सगळ्यात बाहेरच्या कागदावर एका बाजूला 16 आणि 1, दुसऱ्या बाजूला 2 आणि 15, तसं आत आत जात मधल्या कागदावर 8 आणि 9 शेजारी येतात. क्रमांक न घालता लिहायला सुरुवात केली तर गोष्ट तिसऱ्या पानावरून थेट चौदाव्यावर उडी मारते आणि सगळे कागद वाया जातात. कडेला बोटभर जागा सोडायची. कुठली गोष्ट आधी, कुठली शेवटी, कुठली वगळायची हे तिनंच ठरवायचं. वगळताना ती जेवढी चिडेल तेवढं शिकेल. साधा स्टेपलर घडीपर्यंत पोचत नाही. त्यामुळे घडीवर सुईनं तीन भोकं पाडा, मधल्या भोकातून आतून दोरा बाहेर काढा, वरच्या भोकातून आत, खालच्या भोकातून बाहेर, पुन्हा मधल्या भोकातून आत, आणि मधल्या लांब धाग्यावर गाठ मारा. दोरा आजीच्या सुपातला चालणार नाही, तो बारीक असतो, गोधडीचा घ्या. शिवण्याआधी पाच झेरॉक्स काढा. एक शाळेच्या बाईंना, एक वाचनालयाला, बाकीच्या ती म्हणेल त्यांना. आजीला वाचता येत नसेल तर तिची प्रत मुलीनं तिच्याजवळ बसून, आधी मराठीत आणि मग तेलुगूत, मोठ्यानं वाचायची. वाचताना मुलगी जिथे अडखळते ती वाक्यं तिथल्या तिथे पेन्सिलनं खुणावून ठेवायची, दुसऱ्या आवृत्तीत तीच बदलायची आहेत.